मोबाइलची रेंज वाढवणारा बूस्टर घेताय? आधी हे वाचा!

घरात रेंज नाही म्हणून फोन घेऊन गॅलरीत धावायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी यावर उपाय शोधला. ऑनलाइन बूस्टर मागवला आणि गच्चीवर अँटेना लावला. त्यांच्या घरी फुल रेंज आली, पण आमच्या मजल्यावर कॉल तुटायला लागले. एका रात्री आजीला चक्कर आली, तेव्हा डॉक्टरांना फोनच लागेना. बाबा जिना उतरून रस्त्यावर गेले, तेव्हा कुठे बोलणं झालं.

असं का होतं?

आपल्या आजूबाजूच्या हवेत रेडिओ लहरींची गर्दी असते. त्यांची टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी ठरवून दिलेली असते. एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्‌झला संपतो. तिथून थोडं पुढे, ११८ मेगाहर्ट्‌झपासून वैमानिकांचं बोलणं चालतं. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करतात. म्हणूनच ओव्हन सुरू असताना कधी कधी वाय-फाय अडखळतं. मोबाइल कंपन्या ९००, १८०० मेगाहर्ट्‌झसारखे पट्टे सरकारकडून लिलावात विकत घेतात.

टॉवरला एकाच वेळी शेकडो फोनचं ऐकायचं असतं. स्वस्तातला बूस्टर सिग्नलसोबत नको असलेली खरखरही वाढवून टॉवरकडे पाठवतो. लग्नाच्या हॉलमध्ये एकानेच माइक हातात घेऊन ओरडत राहावं, तसंच हे! बाकीच्यांचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचत नाही. मग ११२ वर केलेला कॉलसुद्धा अडकू शकतो.

महत्त्वाचं म्हणजे, परवान्याशिवाय असा बूस्टर विकणं, जवळ ठेवणं आणि वापरणं भारतात गुन्हा आहे. ऑनलाइन सहज मिळतो म्हणजे तो चालतो, असं समजू नका.

मग काय कराल?

• घरी वाय-फाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करा. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय असते.
• रेंज सतत कमी असेल तर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.
• शेजारच्या घरांतही हीच अडचण असेल तर सगळ्यांनी मिळून तक्रार करा.

बाबांनी त्या रात्रीचा प्रसंग सांगितल्यावर काकांनी लगेच बूस्टर काढला. दुसऱ्या दिवसापासून आमचे कॉल नीट लागू लागले. आता काकासुद्धा वाय-फाय कॉलिंगच वापरतात. सेटिंग मात्र आजीने करून दिलं!