चक्कर येणाऱ्याची साक्ष कोण मानणार?

कष्टकरी म्हणाला, "चक्कर येते," की व्यवस्थेची उत्तरं तयार असतात. आळशी आहे. पिऊन आलाय. भरपाईसाठी नाटक करतोय. किरणोत्सर्ग अंगावर घेतलेल्या माणसांनाही जगभर हेच ऐकावं लागलं.

हिरोशिमा, 1945. बॉम्बमधून वाचलेले कित्येक जण पुढे वर्षानुवर्षं थकवा आणि चक्कर यांनी हैराण होते. वरून जखम दिसेना, म्हणून ते कामचुकार ठरले. जपानीत त्या दुखण्याला 'बुराबुरा' हे नाव पडलं. अमेरिकेनं नेमलेल्या आयोगानं वाचलेल्यांची तपासणी केली, नोंदी केल्या. उपचार मात्र आपलं काम मानलं नाही.

चेर्नोबिल, 26 एप्रिल 1986. स्फोटानंतर सफाईच्या कामाला सुमारे 6 लाख माणसं लावली गेली. छतावर यंत्रमानव बंद पडले तेव्हा फावडी देऊन माणसं चढवली. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलं, डोकं गरगरतं, तोल जातो. उत्तर मिळालं: 'रेडिओफोबिया', म्हणजे किरणांची नुसती भीती!

आम्ही विज्ञान मानणारी माणसं आहोत, म्हणून नीट बोलू. मोठ्या मात्रेनंतर मळमळ, उलट्या, चक्कर येते, यावर वाद नाही. कमी मात्रेनंतर वर्षांनी येणारी चक्कर किरणांमुळेच का, यावर वाद आहे. रक्तदाब, मानसिक ताण, कानाचे इतर विकार हीही कारणं असू शकतात. पण कारणाचा वाद म्हणजे उपचार नाकारायचा परवाना नव्हे. शरीराचा तोल आतला कान, डोळे, स्नायू आणि मेंदू मिळून सांभाळतात. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून माणूस खोटारडा ठरत नाही. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करा; पहिली तपासणी इतकी साधी आहे, एक पैसा लागत नाही. मग ती टाळतात का? तपासलं की नोंद होते, आणि नोंद झाली की जबाबदारी येते.

हे फक्त परदेशातलं समजू नका. एप्रिल 2010, दिल्लीचा मायापुरी भंगार बाजार. दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-60 होतं. ते भंगारात फोडलं गेलं. कामगार आजारी पडले, एकाचा जीव गेला. प्रयोगशाळेत ज्ञान कुणाचं आणि भंगारात हात कुणाचे, हे आपल्या वस्त्यांना शिकवायची गरज नाही.

बाबासाहेबांनी 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळलं. कामगाराचं आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, ही आमची भूमिका त्याच वारशातली आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या, कंत्राटी असला तरी, हातात त्याच्या मात्रेची नोंद द्या. कामाआधी आणि नंतर कान व तोल तपासा. उपचार आधी करा, कारणाचा वाद नंतर घाला. परांचीवर उभ्या माणसाला एक चक्कर पुरते.

साथींनो, आपल्या वस्तीत कुणी 'गरगरतं' म्हणालं तर हसू नका. तारीख, काम, ठेकेदाराचं नाव लिहून ठेवा. आपली नोंद आपणच ठेवायची.

जय भीम!