दुपारचं कोडं : शिकाकू

मैत्रिणींनो, 'सुडोकू' हे नाव ज्यांनी दिलं, त्या जपानच्या 'निकोली'कडचंच हे दुसरं कोडं. चौकटींतल्या काही घरांत आकडे असतात. रेघा मारून सगळ्या घरांचे आयत किंवा चौरस पाडायचे. प्रत्येकात आकडा एकच, आणि घरं त्या आकड्याइतकीच!

7 ची फक्त पट्टी होते, उभी नाहीतर आडवी. दहा-दहाच्या चौकटीत 12 ची पट्टी मावतच नाही. म्हणजे 3-4 किंवा 2-6. असे अडचणीतले आकडे आधी घ्या. 1 तर आयताच मिळतो!

तरी अडलंच, तर आकडे सोडा आणि रिकाम्या घरांकडे बघा. हे कोपऱ्यातलं घर कोणाचं? तिथवर एकच आकडा पोचत असेल, तर ते त्याचंच. अंदाजाने मात्र रेघ मारू नका. चूक दहा रेघांनंतर कळते, मग खोडरबर आणि चिडचिड.

मुलांना बाराचा पाढा घडाघडा येतो, पण 12 चे आयत किती, विचारा बरं! कोडं जरूर द्या त्यांना. शेजारी बसून बोट तेवढं दाखवू नका. आणि हो, आपला कागद वेगळा ठेवायचा हं!