कृत्य दाखवा, मग नाव ठेवा

सोयाबीनचा भाव पडला, पीकविम्याचे पैसे अडकले, की मेहकरच्या तहसीलवर मोर्चा येतो. अशाच एका मोर्चात घोषणा देणाऱ्या पोरांना गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘शहरी नक्षल’ म्हणून टाकलं. मी इथल्या कोर्टात वकिली करते. त्यांतल्या एकाच्या आईने मला आवारात गाठलं. “मॅडम, यानं पोराची पोलीस भरती हुकन का वो?” मी नाही म्हणाले, पण तिची भीती खुळी नव्हती.

‘नक्षल’ हा शब्द ज्यावरून आला ते नक्षलबारी हे दार्जिलिंग जिल्ह्यातलं गाव. मे 1967 मध्ये तिथे कुळांच्या जमिनीवरून भडका उडाला. आधी एक पोलीस अधिकारी बाणाने मारला गेला. दुसऱ्या दिवशी, 25 मे रोजी, पोलिसांच्या गोळीबारात 11 जण गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या, लेकरंही होती. त्या ठिणगीतून कम्युनिस्ट नेते चारू मजुमदारांनी सशस्त्र क्रांतीचा मार्ग आखला आणि 1980 च्या सुमारास तो आंध्रातून आजच्या गडचिरोलीच्या जंगलात पोचला. ऑक्टोबर 2009 मध्ये लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. 2019 च्या महाराष्ट्र दिनी जांभूळखेड्याला भूसुरुंगाने 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. या नावामागे इतकी प्रेतं आहेत. विम्याची पावती घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या पोराला ते चिकटवणं हा मला त्या जवानांचाही अपमान वाटतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. जंगलातला बंदूकवाला असा कमी होत असताना गावात मात्र हा शिक्का वाढतो आहे.

शिक्का मारायची ही सवय कायद्यातही उतरते आहे. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याआधी विधिमंडळाच्या समितीने फेरफार करून त्याचा रोख ‘कडव्या डाव्या’ संघटनांकडे वळवला. कडवं म्हणजे किती, हे कोण ठरवणार? बेकायदा कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायदा न पाळण्याची शिकवण देणंही येतं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी आमच्याच विदर्भातल्या पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं. कायदा उघड मोडला, लोकांनाही मोडायला सांगितलं, अटक झाली. त्या व्याख्येत अणे अलगद बसतात!

टिळकांना ‘जहाल’ म्हणत. जानेवारी 1907 मध्ये कलकत्त्यात त्यांनीच सांगितलं होतं की हे शब्द काळासोबत सरकतात. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. असं सरकतं माप पुण्यामुंबईच्या वादसभेत चालेल. कलमात चालत नाही, कारण त्यावर माणूस तुरुंगात जातो.

बंदूक, भूसुरुंग, खंडणी, त्यासाठी जाणूनबुजून पुरवलेला पैसा, यांवर कठोर कारवाई व्हायलाच हवी, आणि यूएपीएसारखे कायदे त्यासाठी आहेतच. म्हणून विदर्भातल्या आमदारांनी, पक्ष कुठलाही असो, येत्या अधिवेशनात दुरुस्ती मागावी: ‘कडवी विचारसरणी’ काढा, तिथे कृत्यं लिहा.