निदान-यंत्र मुके होते तेव्हा

मोटारगाडीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्यांजवळ, सोळा टोकांची एक लहानशी खोबण असते. कित्येक मालकांनी ती कधी पाहिलेलीही नसते. गाडीतील संगणकांनी टिपून ठेवलेले दोष वाचावयाचे असतील, तेव्हा मेकॅनिक आपला स्कॅनर तेथे जोडतो. या व्यवस्थेचा उगम धुराच्या प्रश्नात आहे. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेने त्रस्त झालेल्या कॅलिफोर्निया राज्याने प्रदूषण-नियंत्रक भागांवर गाडीनेच लक्ष ठेवावे असा आग्रह धरला. पुढे १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एकाच घडणीची ही खोबण सक्तीची झाली. युरोपाने ती स्वीकारली, आणि भारतातही २०१० ते २०१३ या काळात चारचाकी वाहनांना ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू झाली. गाडी कोणत्याही कंपनीची असो, तिचे दोष एकाच यंत्राने वाचता यावेत, हा तीमागील हेतू होता. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे.

परंतु या व्यवस्थेत एक विचित्र प्रसंग वारंवार उद्भवतो. मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि त्याचा पडदा उजळतच नाही. गाडी मात्र नेहमीप्रमाणे सुरू होते व धावते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी निकाल लगेच दिला जातो, की इंजिनाचा संगणक निकामी झाला आहे व तो बदलावा लागेल. मालक हजारो रुपयांच्या खर्चाच्या विचाराने हवालदिल होतो. वस्तुतः अशा बऱ्याच प्रसंगी खरा दोष चार-दोन आण्यांच्या जुन्या हिशेबाला शोभेल इतक्या क्षुल्लक वस्तूत असतो. एक फ्यूज, म्हणजे वितळतार, उडालेली असते.

हा निकाल तर्कदृष्ट्याच सदोष आहे. ज्या इंजिनाचा संगणक मेला आहे ते इंजिन व्यवस्थित चालेल कसे? इंधन किती सोडावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची, हे तोच संगणक ठरवीत असतो. इंजिन चालत आहे, एवढ्यावरूनच तो जिवंत असल्याचे सिद्ध होते. मूक आहे तो स्कॅनर, आणि त्याच्या मौनाला गाडीचा दोष समजणे म्हणजे उष्णतामापक फुटला म्हणून रोग्याला मृत ठरविण्यासारखे आहे.

खोबणीची रचना पाहिली म्हणजे उलगडा होतो. तिच्या सोळा टोकांपैकी सोळाव्या टोकावर बॅटरीचा धन विद्युत्पुरवठा येतो. चौथे व पाचवे टोक ऋण बाजूस जोडलेले असते. नव्या गाड्यांत सहाव्या व चौदाव्या टोकांवरून संगणकांचे संदेश ये-जा करतात. बहुतेक स्कॅनर आपली वीज सोळाव्या टोकातूनच घेतात. अनेक गाड्यांमध्ये या टोकाचा आणि सिगारेट पेटविण्याच्या जुन्या खोबणीचा फ्यूज एकच असतो. मेकॅनिकच्या शिक्षणात ज्यावर बोट ठेवून सांगितले पाहिजे ते हेच. सिगारेट पेटविण्यासाठी त्या खोबणीचा उपयोग आता क्वचितच होतो. तेथे मोबाइल भारित केला जातो, चाकात हवा भरण्याचा पंप लावला जातो. पंप १८० वॅटचा असेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो १५ अँपिअर प्रवाह ओढतो. सुरुवातीच्या क्षणी तो त्याहूनही अधिक ओढतो. कधी एखादे लहान नाणे त्या खोबणीत घरंगळते, मधल्या टोकाला आणि धातूच्या कडेला एकाच वेळी स्पर्श करते, आणि क्षणार्धात फ्यूज उडतो. मालकाला एवढेच कळते की भारक चालेनासा झाला. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी गाडी दुरुस्तीला जाते, स्कॅनर बंद आढळतो, आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडीत नाही.

तेव्हा प्रथम पाहावयाचे ते हे, की स्कॅनरला वीज मिळते की नाही. पडदा उजळत नसेल, तर सोळावे टोक आणि चौथे-पाचवे टोक यांमध्ये बॅटरीइतका दाब आहे का ते मोजावे. दाब नसेल तर फ्यूज तपासावा. पात्यासारख्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक बिंदू उघडे ठेवलेले असतात. तपासणीच्या दिव्याचे टोक त्या दोहोंवर आळीपाळीने टेकविल्यास फ्यूज न काढताही निर्णय होतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, कारण केसाएवढी चीर पुष्कळदा दिसत नाही. याउलट पडदा उजळतो पण संभाषण होत नाही, असे असेल तर फ्यूजचा हा प्रश्नच नव्हे. मग संदेशवाहक तारांकडे वळावे. जेथे त्या तारा थेट खोबणीत येतात, तेथे बॅटरी सोडवून सहाव्या व चौदाव्या टोकांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम भरावा. कारण वाहिनीच्या दोन्ही अंगांना १२० ओहमचा एकेक रोध समांतर जोडलेला असतो. इतके झाल्यावरच संगणकावर संशय घेण्याचा अधिकार प्राप्त होतो.

फ्यूज सापडला की दुसरा, अधिक धोक्याचा मोह समोर येतो. १५ अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो, तर त्या जागी ३० चा बसवावा, किंवा घरच्या सवयीप्रमाणे तांब्याची तार गुंडाळून मोकळे व्हावे! फ्यूज हा तारेचा रक्षक आहे, उपकरणाचा नव्हे, हे येथे विसरले जाते. प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ अँपिअरसाठी योजलेल्या तारेतून २९ अँपिअर वाहिले तर उष्णता जवळजवळ पावणेचार पट होते, आणि ३० अँपिअरचा फ्यूज मात्र ते निमूटपणे पाहत राहतो. फ्यूजमधील जस्ताची पट्टी सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते व मंडल तोडते. तांबे वितळावयास १,०८५ अंश लागतात. तेवढी वाट पाहण्यापूर्वीच फलकामागील तारांचे प्लास्टिक आवरण मऊ होऊन पेटलेले असते. फ्यूजचे रंग उगाच ठरविलेले नाहीत. १० अँपिअरला तांबडा, १५ ला निळा, २० ला पिवळा, ३० ला हिरवा, हा संकेत निरक्षर माणसालाही पाळता येण्याजोगा आहे. निळ्याच्या जागी निळाच गेला पाहिजे.

या अनर्थात मोटार-उत्पादकांचाही वाटा आहे. सोळाव्या टोकाचा फ्यूज कोणता, हे पुष्कळशा मालक-पुस्तिकांत सरळ शब्दांत आढळत नाही; फ्यूजपेटीच्या झाकणावर असतात त्या इंग्रजी आद्याक्षरांच्या खुणा, ज्यांचा अर्थ लावणे शिकलेल्या माणसालाही कठीण जाते. 'सहायक खोबण व निदान-खोबण' एवढे चार शब्द मालकाच्या भाषेत छापावयास कितीसा खर्च येणार? यावर असा आक्षेप घेतला जातो, की अधिक माहिती दिल्यास मालक नको तेथे हात घालतील. सुरक्षा-पिशव्यांच्या मंडलापुरता तो आक्षेप रास्त आहे. तेथे अशिक्षित हाताने काहीही करू नये. परंतु सहायक खोबणीच्या फ्यूजबाबत माहिती लपविल्याने मालक सावध होत नाही, केवळ परावलंबी होतो. शिवाय ज्याला योग्य फ्यूज ठाऊक नाही तोच तारेचा तुकडा शोधीत हिंडतो.

नवा, योग्य मापाचा फ्यूजही बसविताच उडाला, तर मंडलात कोठेतरी तार उघडी पडून गाडीच्या सांगाड्याला टेकत आहे असे समजावे. फ्यूजमागून फ्यूज जाळीत बसण्याऐवजी अनुभवी कारागीर एक जुनी युक्ती योजतात. फ्यूजच्या जागी गाडीचाच २१ वॅटचा दिवा जोडावयाचा. तो पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे तारेला धोका नाही. मंडलात दोष असेपर्यंत दिवा लख्ख पेटून राहतो. मग त्या मंडलावरील जोडण्या एकेक करून सोडवीत जावे. ज्या जोडणीपाशी दिवा विझतो वा मंदावतो, तिच्यापुढील तारेत दोष असतो.