गाडी लागते, तसा गेमही लागतो!

मुलाला वाढदिवसाला व्ही.आर. हेडसेट घ्यावा का, असं तुम्ही विचाराल, तर माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. जाहिराती काहीही म्हणोत, घरोघरी रोज खेळण्यासाठी हे यंत्र अजून तयार नाही.

घाटात पुस्तक वाचताना गाडी का लागते? अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो, ‘आपण हलतोय’. डोळे सांगतात, ‘पान स्थिर आहे’. हेडसेटमध्ये याच्या उलट होतं. डोळ्यांना वाटतं आपण भरधाव गाडीत आहोत, कान सांगतो सोफ्यावर बसलोय. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही. मग मळमळ, घाम, गरगरणं, डोकेदुखी.

दुसरा घोळ डोळ्यांतच आहे. जवळची वस्तू पाहताना आपले दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगही त्याच अंतरावर फोकस साधतं. आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये फोकसचं अंतर मात्र पक्कं ठरलेलं असतं. चेंडू नाकाशी आला की डोळे आत वळतात, पण फोकस दूरच ठेवावा लागतो. म्हणून डोळे शिणतात. पडदा कितीही स्पष्ट केला तरी हा घोळ सुटत नाही.

‘सवय होते हो डॉक्टर!’ असं खेळणारे सांगतात. अनेकांना होते, हे खरं. पण मळमळ म्हणजे शरीराने दिलेला ‘थांब’ असा इशारा. तो दाबायला शिकल्यावरच जी करमणूक जमते, ती सर्वांसाठी तयार आहे असं कसं म्हणायचं? टीव्ही पाहायला कुणाला सराव करावा लागला होता का?

वयाचंही पाहा. सोनी आपला हेडसेट १२ वर्षांखालील मुलांना देऊ नका म्हणते. मेटाने २०२३ मध्ये आपली अट १३ वरून १० वर्षांवर आणली. मुलांचे डोळे तेच, उत्तरं दोन! वर ‘क्वेस्ट ३’चं सुमारे ५१५ ग्रॅम वजन कोवळ्या मानेवर.

मी या तंत्रज्ञानाचा शत्रू नाही. भाजलेल्या रुग्णांचं लक्ष वेदनेवरून हटवण्यासाठी अमेरिकेत ‘स्नोवर्ल्ड’ हा व्ही.आर. खेळ वापरला गेला आहे. पण तिथे वेळ मर्यादित आणि जाणकार शेजारी असतो. तुमच्या घरी रात्री अकरा वाजता कोण असतं?

तरीही हेडसेट घरात आलाच असेल, तर एवढं पाळा:

• पहिल्या दिवसांत दहा-पंधरा मिनिटंच खेळा.
• शर्यतीचे गेम टाळा. जागेवर उभं राहून हात हलवायचे ‘बीट सेबर’सारखे गेम सहसा कमी त्रास देतात.
• मळमळ सुरू होताच हेडसेट काढा. ‘एवढी लेव्हल संपवतो’ चालणार नाही.
• खेळल्यावर लगेच दुचाकी चालवू नका.
• फिट येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावूच नका.

यंत्राने माणसाच्या शरीराशी जुळवून घ्यायचं असतं. ते जमेपर्यंत पैसे खिशात राहू द्या आणि मुलाला मैदानावर पाठवा. तिथे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात.