जांभळ्या वावराचा धनी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात, वालॉन्सोलच्या पठारावर भल्या सकाळपासून गाड्या लागायला सुरुवात होते. उन्हं तिरपी असली की जांभळा रंग फोटोत खुलतो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. गाडी रस्त्याकडेला लावायची, गवती टोपी चढवायची आणि सरळ सरीत शिरायचं. पांढरे झगे, लांब ओढण्या, उडवायला आणलेले ड्रोन, मध्येच एखादं नवपरिणीत जोडपं. शेत कुणाचं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्या रंगाला मालक असेल असं वाटतच नाही, जसं समुद्राला नसतो.

फोटोत न येणारी एक गोष्ट मात्र तिथे पोचताक्षणी जाणवते, ती म्हणजे आवाज. सबंध शेत गुणगुणत असतं. फुलोऱ्याच्या दिवसांत मधपाळ आपल्या पेट्या इथे आणून ठेवतात आणि प्रत्येक झुडपावर मधमाश्या लगटलेल्या असतात. मांडी घालून झुडपाला टेकण्याची हौस त्यामुळे अनेकांना महागात पडते. (माश्यांची बाजू घ्यावी अशीच ही लढाई आहे.)

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसते, पण कळत नाही. वालॉन्सोलला लोक जे बघायला जातात ते बहुतांशी लॅव्हेंडर नसतंच. ते असतं लॅव्हंडिन. खरं लॅव्हेंडर आणि सखल भागात वाढणारी त्याची चुलत जात, या दोघांच्या संकरातून ते झालं. खेचरासारखंच हेही वांझ. बी धरत नाही, त्यामुळे लागवड कलमांनीच करावी लागते. एकाच झाडाची कलमं म्हणून सगळी झुडपं एकसारखी गोल, एकाच उंचीची, एकाच छटेची. कॅलेंडरवर शोभणाऱ्या त्या आखीव रेघांचं गुपित एवढंच. खरं लॅव्हेंडर डोंगराचं. साधारण आठशे मीटरच्या वर ते रमतं, बियांपासून वाढतं, म्हणून त्याच्या शेतात कुठे गडद, कुठे फिका असा रंग दिसतो. देठाला बहुधा एकच तुरा. लॅव्हंडिनच्या देठाला मुख्य तुऱ्याच्या खाली दोन्ही बाजूंना आणखी छोटे तुरे फुटतात. सरीत उभं राहून ओळखायची ही सोपी खूण.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही, तो पैशाचा आहे. खऱ्या लॅव्हेंडरचं तेल अत्तरात जातं. उत्तम प्रतीच्या तेलाला १९८१ पासून ‘ओत-प्रोव्हान्स’ या प्रदेशाच्या नावाचं कायदेशीर संरक्षणही आहे, जसं आपल्याकडे देवगडच्या हापूसला भौगोलिक मानांकन. लॅव्हंडिनमध्ये कापराचा अंश जास्त, वास उग्र, पण एका हेक्टरातून निघणारं तेल कितीतरी पट अधिक. ते जातं साबणात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत. म्हणजे ज्या शेतात उभं राहून लोक भारावून डोळे मिटतात, त्या शेताचं गिऱ्हाईक प्रत्यक्षात धुलाई-पावडरीचा कारखाना असतो. यात कमीपणा काही नाही. उसाच्या फडातून चालताना साखर कारखान्याची आठवण झाली म्हणून ऊस कमी हिरवा दिसत नाही. पण पावडरीच्या कारखान्याने पाठ फिरवली की तो जांभळा रंगही जातो, हे बघणाऱ्याच्या लक्षात यायला हवं.

आणि पाठ फिरायला लागली आहे. मागच्या दशकात भाव चढे होते, वासाच्या तेलांची हौस जगभर वाढली होती, म्हणून फ्रान्समध्ये लागवड वाढली. इतरांनीही केली. बल्गेरियाने तर लॅव्हेंडर तेलाच्या उत्पादनात फ्रान्सला मागे टाकलं. मग माल साठत गेला आणि भाव कोसळले. आपल्या कांदा उत्पादकाला ही गोष्ट पुढे सांगायची गरज नाही. त्यात रोगाची भर. तुडतुड्यासारखा एक छोटा कीटक फायटोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू पसरवतो आणि झुडूप पिवळं पडून वाळत जातं. तिळावरचा पर्णगुच्छ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. पाऊसही भरवशाचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये फ्रेंच सरकारला या शेतकऱ्यांसाठी तातडीची मदत जाहीर करावी लागली. लागवड एकदा केली की वर्षानुवर्षं उत्पन्न देणारं हे पीक काही जणांनी मुळासकट उपटलं.

नेमक्या याच काळात ते बघायला येणाऱ्यांची संख्या मात्र कमी झालेली नाही. इथेच या विषयातली खरी विसंगती आहे. शेताच्या नावावर हॉटेल भरतं, भाड्याची गाडी जाते, कॉफी खपते, विमान कंपनीची जाहिरात सजते. पोस्टकार्डापासून पडद्यापर्यंत सगळ्या छापील गोष्टींवर तोच रंग. पण ज्याने ती सरी खुरपली, त्याचा या साखळीत कुठेच वाटा नाही. उलट मोडलेली झुडपं, तुडवलेल्या सऱ्या आणि उचलायचा कचरा त्याच्या पदरी. ‘नुसतं बघितल्याने त्याचं काय जातं?’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. रस्त्यावरून बघितल्याने काही जात नाही, हे खरंच. पण जे बघायला लाखो लोक येतात ते टिकवण्याचा खर्च एकट्या तेलाच्या भावावर सोडून द्यायचा, हा व्यवहार फार दिवस चालणारा नाही.

याच व्यवहाराचं दुसरं टोक जपानमध्ये सापडतं. होक्काइदो बेटावरच्या फुरानो परिसरात तोमिता नावाच्या शेतकऱ्याने १९५८ मध्ये लॅव्हेंडर लावलं. अत्तर कंपनी तेल घ्यायची, आसपासच्या अनेकांनी तेच पीक धरलं. पुढे कृत्रिम सुगंध आले, परदेशातलं स्वस्त तेल आलं आणि १९७०च्या दशकात कंपनीची खरेदी थांबली. शेजाऱ्यांनी एकामागून एक शेतं मोडली. तोमितांवरही ट्रॅक्टर फिरवायची वेळ आली होती. त्यांचा हात धजावला नाही. मग जपानच्या सरकारी रेल्वेने आपल्या कॅलेंडरवर त्यांच्या उतारावरच्या शेताचा फोटो छापला. फोटो बघून छायाचित्रकार आले, त्यांच्या मागून प्रवासी आले. एका फोटोने पीक वाचवलं, असं ही गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात.

गोष्ट तिथे संपत नाही. फोटोने माणसं आणली, पैसे आणले नाहीत. पैसे आले ते तोमितांनी वाळलेल्या फुलांच्या छोट्या पिशव्या विकायला काढल्या तेव्हापासून. पुढे त्यांच्या शेतावरच तेल निघू लागलं, साबण आले, अत्तर आलं आणि फिक्या जांभळ्या रंगाचं आइस्क्रीमही. आज ‘फार्म तोमिता’त शिरायला तिकीट नाही. तरीही तिथे खर्च होणारा प्रत्येक येन त्याच मातीच्या मालकाकडे जातो, कारण दुकान त्याचं, भट्टी त्याची, शेत त्याचं. चालायच्या वाटा आखलेल्या आहेत आणि लोक त्या वाटांवरूनच चालतात. उन्हाळ्यातल्या त्या थोड्या दिवसांसाठी रेल्वेने १९९९ मध्ये शेताजवळ एक हंगामी स्टेशनही उघडलं. त्याचं नावच ‘लॅव्हेंडर-बाताके’, म्हणजे लॅव्हेंडरचं शेत. मोसम सरला की गाडी तिथे थांबत नाही.

त्याच परिसरात उलटा दाखलाही आहे. शेजारच्या बिएइमध्ये एका शेतात जरासा कललेला पॉप्लर होता. लोक त्याला ‘तत्त्वचिंतक झाड’ म्हणायचे. त्याच्यासोबत फोटो काढण्यासाठी पर्यटक पिकातून चालत जात. फलक लावून झाले, विनवण्या झाल्या. बुटांच्या तळव्याला चिकटून दुसरीकडची माती आणि तिच्यातले रोग शेतात येतात, ही भीती तिथल्या शेतकऱ्यांना फार. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकाने ते झाड पाडून टाकलं. झाड म्हातारं झालं होतं हेही खरं, पण पिकातून जाणाऱ्या पायवाटेने त्याचा निकाल लवकर लावला.

दोन शेजारी गावं, तीच माती, तेच पर्यटक. फरक पडला तो शेतकऱ्याने येणाऱ्याला गिऱ्हाईक केलं की नाही, यामुळे. तिकीट लावा किंवा लावू नका, तो मुद्दा दुय्यम आहे.

मराठी माणसाला हे समजायला जड नाही. गुऱ्हाळावर जाऊन रस प्यायचा, काकवी चाखायची आणि निघताना गुळाची ढेप घ्यायची, ही आपली जुनी रीत. हुरड्याच्या दिवसांत शेतावर पंगत बसते. पूर्वी ती पाहुणचार म्हणून असे, आता माणशी दर ठरलेला असतो. नाकं मुरडणारे मुरडतात, पण ज्वारीच्या भावात जे भागत नाही ते त्यात भागतं. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं ते याच अनुभवावर. साताऱ्याजवळच्या कास पठारावर तर पीक नाही, शेतकरी नाही, रानफुलं आहेत. तरी तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आलं, आणि व्यवस्थेत भोवतालच्या गावांच्या समित्या आल्या. त्यावरून वाद झाले, होत राहतील. पण फुलं बघायलाही काही मोजावं लागतं, हे सातारकरांनी प्रोव्हान्सच्या आधी स्वीकारलं.

प्रोव्हान्सला जाणाऱ्या मराठी मंडळींची अडचण आणखी वेगळी. आपल्या युरोप सहली मे महिन्यात, शाळांना सुट्टी असते तेव्हा निघतात. लॅव्हेंडर फुलतं जूनच्या मध्यानंतर. त्यामुळे माहितीपत्रकावरचा जांभळा रंग बघून मे महिन्यात गेलेल्यांच्या वाट्याला करड्या-हिरव्या झुडपांच्या ओळी येतात. गणपतीच्या आधी म्हणून ऑगस्टमध्ये गेलेल्यांना वालॉन्सोलला कापून उरलेली खुंटं दिसतात, कारण तिथली कापणी जुलैतच उरकते. कापलेलं शेत बघून चिडणारे पर्यटक ही तिथली दरसालची गोष्ट आहे. पिकाने आपल्या सुट्टीसाठी थांबावं, ही अपेक्षा मोठी गमतीची. फुलं थांबवली तर तेल उतरत नाही.

आता हा प्रश्न भारताच्याही दारात आला आहे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाह खोऱ्यात मक्याच्या जागी लॅव्हेंडर उभं राहिलंय. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून तिच्या जम्मूच्या प्रयोगशाळेने शेतकऱ्यांना रोपं दिली, अर्क काढायच्या भट्ट्या दिल्या, आणि सरकारी भाषणांत या बदलाला ‘जांभळी क्रांती’ हे नाव मिळालं. २०२२ पासून तिथे लॅव्हेंडर महोत्सवही भरतो. डोंगरउतारावरची लहान लहान तुकड्यांची शेती, पावसावर अवलंबून. मक्यात जे सुटत नव्हतं ते तेलात सुटू लागलं, म्हणून लोकांनी हे पीक उचललं. जूनमध्ये खोरं फुलतं आणि आता मोबाइल घेऊन माणसं पोचू लागली आहेत.

भद्रवाहच्या शेतकऱ्याला आजवर तरी तेलानेच तारलं आहे. पण तेलाच्या भावाचं काय होतं, ते वालॉन्सोलने दाखवून दिलंय. लागवड अशीच वाढत गेली तर साठे आणि मंदी इथेही येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तेव्हा हातात दुसरी मिळकत असली पाहिजे, आणि तिची मांडणी गर्दी येण्याच्या आधी करावी लागते. सरीत नाही, कडेने चालायची वाट. गाड्या लावायला गावाची जागा आणि गावाचीच पावती. भट्टीशी उभं राहून वाफेतून तेल वेगळं होताना बघायची सोय. भट्टीच्या तोंडाशी रचलेले लॅव्हेंडरचे भारे, खाली थेंबाथेंबाने येणारं पाणी, त्यावर तरंगणारा तेलाचा पातळ थर. हे बघितलेला माणूस छोटी बाटली घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. पर्यटन खात्याने महोत्सवाच्या मांडवावर खर्च करताना त्यातला एखादा वाटा या सोयींकडे वळवावा. जांभळे फोटो छापून सहली विकणाऱ्यांनी तर शेतकऱ्याशी रीतसर करारच केला पाहिजे. फोटो त्यांच्या धंद्याचा कच्चा माल आहे, आणि कच्चा माल फुकट मिळत नसतो.

प्रोव्हान्समध्येही सगळं हातचं गेलेलं नाही. वालॉन्सोलपेक्षा उंचावर सो नावाचं गाव आहे. तिथे फुलोरा उशिरा येतो आणि १५ ऑगस्टला लॅव्हेंडरचा उत्सव भरतो. त्यात विळ्याने कापणी करायची स्पर्धा असते: वाकून एका हाताने मूठभर देठ धरायचे, दुसऱ्या हाताने विळा ओढायचा आणि जुडी पाठीमागच्या झोळीत टाकायची, जसं यंत्र येण्याआधी तिथले लोक दिवसभर करत. बाजूला मध, तेल, साबण घेऊन शेतकरी बसलेले असतात. त्या दिवसापर्यंत आसपासची बरीच शेतं कापून झालेली असतात. गर्दी तरीही होते.