अक्षरांची चित्रे आणि मराठीचे वाचक

मराठीच्या रक्षणाविषयी आपण दुकानांच्या पाट्यांवरून जेवढे बोलतो, त्याच्या शतांशानेही नगरपालिकांच्या संकेतस्थळांवरून बोलत नाही. पाटी मराठीत नसेल तर आंदोलन होते. पालिकेची सूचना अथपासून इतिपर्यंत मराठीत असूनही एका संपूर्ण वाचकवर्गाला ती वाचता येत नसेल, तर मात्र त्यात भाषेचा काही प्रश्न आहे असे कोणास वाटत नाही. तो संगणक विभागाचा, फार तर समाजकल्याण खात्याचा विषय ठरतो. माझ्या मते तो प्रथम लिपीचा आणि वाचनाचा प्रश्न आहे, आणि साहित्याच्या विभागांनी त्याकडे जी पाठ फिरवली आहे तिचे समर्थन करता येणार नाही.

मुळात घडते काय ते पाहू. अंध वाचक संगणकावर स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीने वाचतो. ती पडद्यावरचा मजकूर उच्चारून दाखवते. 'एनव्हीडीए' ही अशी प्रणाली २००६ पासून विकसित होत आली असून ती विनामूल्य मिळते, आणि तिला मराठी उच्चारता येते. म्हणजे 'मराठीसाठी तंत्रज्ञान नाही' ही सबब आता उरलेली नाही. पण प्रणालीला उच्चारण्यासाठी अक्षरे लागतात, आणि पालिका तिला पुरवते ती अक्षरांची चित्रे. निविदा, प्रभागरचना, पाणीकपात, करआकारणीच्या हरकती हे सारे कागदावर छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून आंतरजालावर चढवले जाते. डोळस माणसाला ते पान दिसते. स्क्रीन रीडरला तेथे कोरा कागद असतो.

जेथे चित्र नसते तेथे जुने टंक आड येतात. युनिकोडपूर्व टंकांत मराठी अक्षर हे रोमी अक्षराने घेतलेले सोंग असते. कृतिदेव टंकात लिहिलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी 'ई, जे, के, बी, एच' एवढाच असतो, आणि वाचणारी प्रणाली प्रामाणिकपणे तेच वाचते. पडद्यावर मराठी आणि पोटात निरर्थक रोमी वर्णमाला, असा हा व्यवहार आहे. मराठीच्या नावाने दरवर्षी पंधरवडे साजरे करणाऱ्या कार्यालयांतून असे दस्तऐवज निघतात याला काय म्हणावे? संहितेच्या शुद्धतेसाठी ऱ्हस्वदीर्घावरून हमरीतुमरीवर येणारे आपण, ज्या संहितेत एकही मराठी अक्षर नाही तिला मराठी म्हणून निमूटपणे स्वीकारतो.

कायद्याच्या बाजूने पाहावे तर यात संदिग्ध असे काही नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातील ४२व्या कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सर्वांना सुगम व्हावा ही जबाबदारी शासनावर टाकली, आणि ४६व्या कलमाने सेवा सुगम करण्यास नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०१९ सालीच संपली. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे तर त्याही आधीची, २००९ सालापासूनची. पण 'मार्गदर्शक' या शब्दाचा आपल्या प्रशासनातील अर्थ 'पाळले नाही तरी चालते' असा आहे. राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निकाल देताना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले: मूळ कायदा बंधनकारक असताना नियमांनी त्याला ऐच्छिक सूचनांचे रूप देणे हे कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक नियम करण्यास न्यायालयाने तीन महिने दिले. ही याचिका २००५ सालची होती. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने डिजिटल सुगमता हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

यावर नेहमीचा आक्षेप असा: असे वाचक कितीसे असणार? २०११च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदवल्या. पण संख्येचा वाद मी घालणार नाही. दाराला कुलूप लावून आत कोणी येत नाही म्हणणाऱ्याशी संख्येवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसरा आक्षेप अधिक सोज्वळ, म्हणून अधिक घातक आहे: घरातले कोणीतरी वाचून दाखवीलच की. आपल्या परंपरेत याला मोठा आधारही सापडतो. मराठी वाङ्मय शतकानुशतके डोळ्यांपेक्षा कानांनीच वाचले गेले. पोथी एकाने वाचायची आणि गावाने ऐकायची. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच दृष्टी गेलेली असताना इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि ग्रंथ सांगत. त्यांना आपण 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो. पण पोथी सर्वांसमोर वाचण्यासाठीच असते. मिळकतकराची थकबाकी, आजाराचा दाखला, घरच्याच माणसाविरुद्धची तक्रार ही तशी नसतात. आपला अर्ज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणे आणि दुसऱ्याच्या हातून भरावा लागणे यात खाजगीपण संपते, आणि भरणाऱ्याने नेमके काय भरले हे तपासण्याची सोयही संपते. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा असा राज्य शासनाचा आदेश आहे. त्या निधीतील योजनेचा अर्ज जर स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात उपलब्ध असेल आणि तो पाठवण्याआधी वेड्यावाकड्या अक्षरांचे कोडे डोळ्यांनी सोडवावे लागत असेल, तर उपहासासाठी वेगळ्या लेखकाची गरज राहत नाही.

गौरवाच्या शब्दांनी उणीव झाकण्याची आपली सवय जुनी आहे. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, आणि संकेतस्थळाच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करणारी, रंग उलटवणारी एक पट्टी आली. तिच्यामुळे आतल्या स्कॅन केलेल्या पानात एकही अक्षर उमटत नाही. अशी जोडपट्टी लावताच कोणतेही संकेतस्थळ सुगम होते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे तीच पट्टी अनुपालनाचा पुरावा म्हणून दाखवली जाते.

आता आपल्या विषयाकडे येऊ, कारण उरलेले बरेचसे काम तंत्रज्ञांचे नाहीच. प्रत्येक चित्रामागे त्याचे शब्दांत वर्णन असावे लागते. पूररेषेच्या नकाशाचे वर्णन चार ओळींत कसे करावे, त्यात काय सांगावे आणि काय गाळावे, हे वर्णनपर गद्य शिकवणाऱ्यांनीच सांगायचे. एका पानावर बारा ठिकाणी 'येथे टिचकी मारा' लिहिलेले असते. नुसते दुवे ऐकत जाणाऱ्याला बारा वेळा तेच ऐकू येते. दुव्याला नाव देणे हे शीर्षक देण्यासारखेच काम आहे. आणि 'उपरोक्त संदर्भाधीन विषयान्वये' असे सुरू होऊन पाचव्या ओळीत क्रियापदाला पोचणारे वाक्य अंधालाच नव्हे, बौद्धिक अक्षमता असलेल्या वाचकाला, आणि ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे अशा अनेक कर्णबधिर वाचकांनाही बंद असते. आंतरराष्ट्रीय सुगमता निकषांच्या सर्वांत वरच्या पातळीवर मजकूर माध्यमिक शाळेच्या खालच्या इयत्तांतील वाचनक्षमतेला झेपावा, नाहीतर त्याची सोपी आवृत्ती द्यावी, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे 'व्यावहारिक मराठी' हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो, आणि त्यात विद्यार्थी अजून त्याच उपरोक्त शैलीतील पत्रे पाठ करतात.

त्या तासाला आपल्याच गावच्या पालिकेची एक सूचना घ्यावी. तिच्यातील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावा: मराठी उतरते, रोमी कचरा उतरतो, की काहीच उतरत नाही. मग ती स्क्रीन रीडरकडून ऐकावी, सोप्या मराठीत लिहून काढावी आणि मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावी, २०१६च्या कायद्याच्या ४२व्या कलमाचा उल्लेख करून. पोच मात्र मागून घ्यावी.